परताव्याचा संदेश आणि दस्तऐवज क्रमांक : पार्श्वभूमी

जुलै महिना लागला की सातारा-सांगली भागात ‘रिटर्न आलं का?’ असे एकमेकांना विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात असतो तो परतावा, म्हणजे जादा कापला गेलेला प्राप्तिकर परत मिळणे. रिटर्न हे खरे तर विवरणपत्र, जे आपण भरायचे असते. एरवी या सरमिसळीने कुणाचे बिघडत नाही. मात्र ‘आपले रिटर्न मंजूर झाले आहे, खाते क्रमांकाची खात्री करा’ असा खोटा संदेश आला, की नुकतेच विवरणपत्र भरलेल्या निवृत्तिवेतनधारकाला तो आपल्याच कागदाविषयी आहे असे वाटते.

विवरणपत्र प्राप्तिकर कार्यालयाच्या खिडकीवर देऊन पोचपावतीवर शिक्का घेण्याची पद्धत अनेकांना आठवत असेल. 2009 नंतर ऑनलाइन भरलेल्या विवरणपत्रांची प्रक्रिया बंगळूरला होऊ लागली, 2015 मध्ये सही केलेली प्रत टपालाने पाठवण्याऐवजी मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने पडताळणी करण्याची सोय झाली, आणि 1 मार्च 2019 पासून परतावा पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच थेट जमा होऊ लागला. विलंब कमी झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु समोरासमोर विचारता येईल असा माणूस या व्यवहारातून निघून गेला आणि त्याची जागा संदेशाने घेतली.

या भागात आणखी एक गुंता आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे, परराज्यांत राहतात आणि विवरणपत्र मात्र बहुधा गावाकडच्या ओळखीच्या माणसाकडून भरून घेतात. असे काम करणारे अनेक जण ग्राहकाच्या ऑनलाइन खात्यावर स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल नोंदवतात, त्यामुळे प्राप्तिकर खात्याचा खरा संदेश त्यांच्याकडे जातो आणि खोटा तेवढा करदात्याच्या हाती पडतो. खऱ्या संदेशाची भाषाच ज्याने कधी पाहिलेली नाही, त्याने खोटा ओळखावा तरी कसा?

याच काळात झालेला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला निर्णय दस्तऐवज ओळख क्रमांकाचा होता. 14 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकाने ठरवले, की 1 ऑक्टोबर 2019 पासून प्रत्येक नोटीस, आदेश, समन्स व पत्रावर संगणकाने निर्माण केलेला क्रमांक असावा आणि तो मजकुरात उद्धृत केलेला असावा. अन्यथा ते पत्र निर्गमितच झाले नाही असे मानले जाईल. तांत्रिक अडचणीसारख्या अपवादात्मक प्रसंगी वरिष्ठांच्या लेखी मंजुरीने क्रमांकाविना पत्र काढता येई, मात्र ते 15 कामकाजाच्या दिवसांत नियमित करणे आवश्यक होते. पुढे काही उच्च न्यायालयांनी क्रमांक नसलेले आदेश रद्द ठरवले आणि खात्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. क्रमांक नसणे हा दुरुस्त करता येण्याजोगा दोष की आदेशाचा पायाच नाहीसा करणारी उणीव, यावर भरपूर युक्तिवाद झाले. ते मुख्यतः मोठ्या करविवादांच्या संदर्भात झाले, आणि सामान्य करदात्याला या क्रमांकाचा काय उपयोग आहे हे सांगण्यास त्यात कुणाला फारसा वेळ मिळाला नाही, याचे वाईट वाटते. कारण तो उपयोग साधा आहे: हातात पडलेली नोटीस खरी आहे की नाही, हे खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन न करताही पडताळता येते. कागदावर नुसता क्रमांक छापलेला असणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण बनावट नोटिशीवरही कोणताही आकडा छापता येतो. आलेल्या दुव्यावरून न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाकून तो तपासावा लागतो. प्राप्तिकर खाते ईमेलने पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील मागत नाही.

2025 च्या जुलैमध्ये खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभरात सुमारे 150 ठिकाणी तपासणी झाली. तेथे करदाता फसवला गेला की सहभागी होता, हे दर वेळी स्पष्ट नसते; विवरणपत्राची जबाबदारी मात्र कायद्याने त्याचीच राहते.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून त्यात ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे. ती 2026-27 पासून सुरू होते. 2025-26 च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू असल्याने त्याचे विवरणपत्र ‘आकारणी वर्ष 2026-27’ या नावाने भरायचे आहे. म्हणून ‘कर वर्ष 2025-26 चा परतावा’ देऊ करणारा संदेश आला, तर तो उघडण्याआधीच संशय घ्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.