झाड बर्फ राखतं की खातं?

पावसाची एखादी सर येऊन जाते, वावर भिजतं, पण दाट चिंचेखालची माती कोरडीच असते. हिमालयातल्या देवदाराखाली बर्फाचंही असंच होतं. फरक एवढाच की पानांवरचं पाणी थोड्या वेळात ठिबकून जातं, बर्फ मात्र फांद्यांवर दिवसेंदिवस बसून राहतो.

देवदारासारख्या सुईच्या पानांच्या झाडांचं, म्हणजे सूचिपर्णी, दाट रान एका हिमवर्षावातला निम्मा बर्फही वरच्या वर झेलू शकतं. त्यातला काही वाऱ्याने झडतो, काही वितळून गळतो आणि काही पाणी न होताच हवेत विरतो, उघडा ठेवलेला कापूर उडतो तसा. यालाच संप्लवन म्हणतात. कॅनडातल्या थंड, कोरड्या रानांत वर्षभराच्या बर्फाचा जवळपास तिसरा हिस्सा असा जातो. ‘झाडं तिथं पाणी’ म्हणणाऱ्यांनी हा खर्चही मांडायला हवा.

जमिनीवर पोचलेल्या बर्फाची गोष्ट वेगळी. झाड त्याला सावली देतं आणि वाराही अडवतं. पण उन्हाने तापलेलं खोड अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडतं. ताजा बर्फ ऊन 80 ते 90 टक्के परतवतो, अवरक्त किरण मात्र जवळजवळ सगळे पिऊन घेतो. म्हणून बुंध्याभोवती आळं केल्यासारखा खड्डा पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचं सरासरी तापमान साधारण उणे 1 अंशाच्या वर असेल, तर रानातला बर्फ उघड्यावरच्या आधी संपतो. त्याहून थंड मुलखात सावली जिंकते.

सगळ्यात जास्त बर्फ साठतो तो रानातल्या मोकळ्या जागेत. तिची रुंदी झाडांच्या उंचीच्या 2 ते 5 पट असावी, म्हणजे 20 मीटरच्या झाडांमध्ये 40 ते 100 मीटर. त्याहून मोठी झाली की वारा बर्फ झाडून नेतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रेझर प्रायोगिक वनात 1954 ते 1956 दरम्यान पट्ट्यापट्ट्याने झाडं तोडली, तेव्हा ओढ्याचं पाणी सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. मात्र त्यात तोडलेल्या झाडांनी न प्यायलेलं पाणीही होतं.

मोजायचं कसं? नुसती खोली फसवते. ताजा बर्फ 10 सेंटीमीटर असला तरी पाणी जेमतेम 1 सेंटीमीटर. दातेरी तोंडाची नळी पिळत जमिनीपर्यंत घालतात आणि आतला बर्फ तोलतात. तोंड 50 चौरस सेंटीमीटर आणि वजन 1500 ग्रॅम भरलं, तर पाणी 30 सेंटीमीटर. नळीच्या टोकाला माती लागली म्हणजे तळ गाठला; ती खरवडूनच तोलायचं, नाहीतर मातीचंही पाणी मोजलं जातं. शिवाय झाडाखाली, कडेला आणि मोकळ्यावर असे तिन्हीकडचे नमुने लागतात.

आपल्या मराठवाड्यात बर्फ म्हणजे गारपिटीचाच. पण झाड वरच्या वर झेलतं, हे इथल्या पावसालाही लागू आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकापासून झाड त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब हवं. अतिवृष्टी 24 तासांत 65 मिलिमीटरला धरतात. मापकावर कडुलिंबाची फांदी आली, तर तेवढा पाऊस पडूनही नोंद 60 ची होऊ शकते.