घुमणारा आवाज कुणाच्या खोलीतला?

मिरगाच्या तोंडावर गावी गेलो की कुणाचा तरी पंप, इन्व्हर्टर नाहीतर कॉम्प्युटर माझी वाटच बघत असतो. यंदा पाळी होती वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याच्या कार्यालयाची. मीटिंगच्या खोलीत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा नवा संच बसवला होता. टीव्हीखाली कॅमेऱ्याची लांबट पट्टी, टेबलावर चपटा गोल माइक, कोपऱ्यात नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा. तक्रार होती ती मुंबईच्या ऑफिसची. तिथले साहेब काहीही बोलले की त्यांचंच वाक्य थोड्या वेळाने त्यांच्या कानावर परत यायचं, गाऱ्हाण्यात प्रत्येक ओळीमागे 'होय महाराजा' यावं तसं.

वेंगुर्लेकरांचं म्हणणं एकच. "आमका सगळा बरोबर ऐकाक येता. गडबड थंयच आसतली."

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे एकमत होतं: नेट स्लो आहे. म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा झाला. प्रतिध्वनी होता तिथेच राहिला. राहणारच, कारण चांगल्या प्रतीचं बोलणं पाठवायला सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात. जास्त जागा खातं ते चित्र, आणि त्यालाही तीन-चार एमबीपीएस भरपूर झाले.

गंमत अशी की ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड असतो, सगळं छान ऐकू येतंय असं म्हणणाऱ्याकडे. मुंबईचा आवाज वेंगुर्ल्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, भिंतींवर आपटतो, टेबलावरच्या माइकमध्ये शिरतो आणि इथल्या बोलण्याबरोबर मुंबईला परत जातो. वेंगुर्ल्यातल्या माणसाला तो वेगळा ऐकू यायचं कारणच नाही.

तसा आपला आवाज आपल्याला परत ऐकू येणं रोजचंच. बंद खोलीत बोलताना भिंतींवरून तो येतच असतो, पण वीस-तीस मिलिसेकंदांच्या आत आल्यामुळे मेंदू त्याला मूळ आवाजातच जिरवून टाकतो. विहिरीत डोकावून कू केलं की तो वेगळा कळतो, कारण तिथे अंतर जास्त. नेटवर्कवर अंतराचं काम उशीर करतो. आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करा, पाकिटात भरा, पाठवा, पलीकडे मागेपुढे पोचलेली पाकिटं ओळीत लावायला थोडं थांबा. एका दिशेला १५० मिलिसेकंद सहज जातात, जाऊन येऊन ३००. तेवढ्यात माणूस पुढचा शब्द बोलायला लागलेला असतो आणि स्वतःच्याच मागच्या शब्दावर अडखळतो.

हे दुखणं इंटरनेटच्या आधीचं आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथपर्यंत वर आणि खाली, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळपास पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. उपग्रहावरून टेलिफोन सुरू होणार म्हटल्यावर १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत, यावर काम सुरू झालं. त्याआधीचा उपाय रांगडा होता: एकजण बोलत असला की दुसऱ्याची वाट बंद. जॉन केली आणि भारतीय वंशाचे मनमोहन सोंधी यांनी वेगळा विचार केला. वाट बंद न करता प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो आलेल्या आवाजातून वजा करायचा. सोंधींचा या विषयावरचा निबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला. आज टेबलावरच्या त्या चपट्या माइकच्या संचात हेच चालू असतं, आणि माझा जीव खरा यात अडकलेला आहे.

खोलीत एक टाळी वाजवा. माइकला आधी थेट आवाज मिळेल, मग तीन मीटरवरच्या भिंतीवरून आलेला, मग छताचा, मग दोन भिंतींवर आपटून आलेला, असे क्षीण होत जाणारे ठोके. ही ठोक्यांची माळ म्हणजे त्या खोलीची कुंडली. तीन मीटरवरची भिंत म्हणजे जाऊन येऊन सहा मीटर, ध्वनीला सुमारे १७ मिलिसेकंद. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने (त्या त्या क्षणीची मापं) घेतले आणि प्रत्येकाला एक घर दिलं तर हा ठोका पावणेतीनशेव्या घराच्या आसपास पडतो. २०० मिलिसेकंदांपर्यंतच्या घुमण्याची नोंद ठेवायची तर ३,२०० घरं लागतात, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इतक्या उशिराने आवाजाचा किती हिस्सा परत येतो.

यंत्राला हे आकडे कुणी सांगत नाही. सुरुवातीला सगळी घरं शून्य. पण स्पीकरला नेमकं काय पाठवलं हे यंत्राला ठाऊक असतं, तो त्याचा हुकमाचा पत्ता. मागच्या ३,२०० नमुन्यांना आपापल्या घरातल्या आकड्याने गुणून बेरीज केली की प्रतिध्वनीचा अंदाज निघतो. माइकवर प्रत्यक्ष आलेल्या आवाजातून तो वजा करायचा. उरेल ती चूक. मग प्रत्येक घरातला आकडा किंचित सरकवायचा: चूक गुणिले त्या घरासमोरचा नमुना, गुणिले एक छोटं पाऊल. ज्या घराचा चुकीत वाटा मोठा ते जास्त हलतं. ही रीत विड्रो आणि हॉफ या अमेरिकन अभियंत्यांनी १९६० मध्ये मांडली. पाऊल मोठं ठेवलं तर आकडे भरकटतात, फार छोटं ठेवलं तर मीटिंग संपेपर्यंत शिकणं संपत नाही. सरळ हिशेबाने हे सेकंदाला दहा कोटींच्या वर गुणाकार होतात. म्हणून प्रत्यक्षात आवाज वेगवेगळ्या कंप्रतांत (जाड-बारीक सुरांत) फोडून, गठ्ठ्याने हिशेब करतात. इथे कुणाचं डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की ही कुंडली दर क्षणी आपल्या चुकीवरून सुधारली जाते. ज्योतिषाच्या कुंडलीला ही सोय नाही.

दोन्हीकडचे एकदम बोलू लागले की मात्र पंचाईत. इथल्या माणसाचा आवाज यंत्राला 'चूक' वाटतो आणि ते भलतंच शिकायला लागतं. म्हणून दोघं एकदम बोलताहेत असं जाणवलं की शिकणं तेवढ्यापुरतं थांबवतात. मीटिंगच्या पहिल्या काही सेकंदांत घुमतं आणि मग थांबतं, किंवा कुणी माइक सरकवला की पुन्हा डोकं वर काढतं, त्याचं कारण हे शिकणंच. खोली बदलली, कुंडली नव्याने मांडायची.

मग वेंगुर्ल्यात काय झालं होतं? 'आवाज बारीक येता' म्हणून कुणीतरी गणपतीतला जुना ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर मध्ये जोडला होता, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. आवाज फाटत होता. यंत्राला ठाऊक होता तो ॲम्प्लिफायरच्या आधीचा स्वच्छ आवाज, माइकमध्ये येत होता फाटलेला. नुसत्या गुणाकार-बेरजेने फाटलेला आवाज बनवता येत नाही, त्यामुळे वजाबाकी कधी जुळतच नव्हती. त्यात उघड्या गुळगुळीत भिंती, खाली फरशी, टेबलाला काच. घुमणं त्या ३,२०० घरांच्याही बाहेर जात होतं.

माइकच्या जाळीवर एक चकचकीत स्टिकरही होतं, 'रेडिएशन' शोषून घेणारं म्हणून विकत आणलेलं. जाळीची अर्धी भोकं त्याने बुजली होती. माइक वायरवर चालणारा! वाय-फायच्या लहरींत अणूंतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते हे सांगायची वेळही आली नाही. संचाची पूजा झाली होती, नारळ फुटला होता, त्याला माझी हरकत नाही. खोबरं निदान सोलकढीत गेलं. स्टिकरचे पैसे गेले ते गेलेच.

नेटवर्कचं काम थोडक्यात आटोपलं. संच वाय-फायवरून काढून केबलवर घेतला. माइकला वीजही अशाच केबलमधून मिळते, साध्या प्रकारात स्विचच्या एका तोंडातून १५.४ वॉटपर्यंत. म्हणून केबल अस्सल तांब्याची हवी. बाजारात स्वस्त मिळते तिच्यात आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो, रोध जास्त, लांबवर वीज पोचेपर्यंत दम जातो. खाऱ्या हवेने जॅकच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, ते तुकडे कापून नवे जॅक लावले. स्विचमध्ये आवाजाच्या पाकिटांना पुढे सोडण्याची खूण लावली. ती ऑफिसच्या आतच कामाची. बाहेरच्या इंटरनेटवर तिला सहसा कुणी विचारत नाही.

ॲम्प्लिफायर काढला. मागच्या भिंतीला काजूची रिकामी पोती टांगली, कारण गोणपाटाइतकं स्वस्त ध्वनिशोषक तिथे दुसरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब पाच मिनिटं सलग बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत.

सहाव्या मिनिटाला पत्र्यावर पाऊस सुरू झाला. पाऊस काही स्पीकरमधून आला नव्हता, त्यामुळे वजा करायला यंत्राजवळ त्याची प्रत नव्हती. गोंगाट दाबणारी वेगळी सोय संचात असते, तिने थोडी धडपड केली, पण वेंगुर्ल्याच्या पावसापुढे तिचं काय चालणार? मुंबईहून विचारणा झाली, "मशीन सुरू आहे का तुमच्याकडे?" इथून कुणीतरी माइकशी वाकून ओरडलं, "मशीन नाय साहेब, पाऊस!" आणि म्यूटचं बटण दाबलं.