कोरीव भोपळ्याचे जतन

हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबर) सुमारास अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दारात ठेवला जाणारा कोरीव भोपळा, म्हणजे जॅक-ओ-लँटर्न, जास्त दिवस टिकवण्याची रीत. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरत. १९व्या शतकात अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तिथे मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला.

न कापलेला जून भोपळा १०–१३ अंश सेल्सिअसला, कोरड्या जागी दोन-तीन महिने राहतो. टणक साल पाणी आत आणि बुरशी बाहेर ठेवते. कोरताना तीच फुटते. मग कापलेल्या कडा सुकून कोरलेला चेहरा आक्रसतो आणि त्याच वेळी आतला ओला गर कुजू लागतो. खरी अडचण इथे आहे: सुकू नये म्हणून ओल राखावी तर बुरशी फोफावते. उबदार हवेत असा भोपळा तीन-चार दिवसांत बसतो, गारव्यात आठवडाभर किंवा थोडा अधिक निघतो.

घेताना देठ घट्ट आणि तळ टणक आहे ना, हे पाहावे. देठाला धरून उचलू नये. तो मोडला की कुज तिथूनच शिरते. हाउडनसारख्या कोरायच्या वाणांचा गर पाणचट, धागेदार असतो, त्याचे घारगे करण्याच्या फंदात न पडलेले बरे.

वरून झाकण कापण्याऐवजी तळ कापला तर झाकण आकसून आत पडत नाही. बिया व धागे पूर्ण खरवडावेत, कारण बुरशी आधी त्यांच्यावरच धरते. भिंत साधारण २.५ सेंमी राखावी. फार पातळ केली तर लवकर लोळते.

कोरून झाल्यावर ४ लिटर पाण्यात १५ मिली साधे घरगुती ब्लीच घालून भोपळा त्यात १०–१५ मिनिटे बुडवावा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर उपडा ठेवून पूर्ण निथळू द्यावा आणि मगच कडांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. ओल्या कडांवर जेली लावणे ही नेहमीची चूक. ओल आणि बुरशी दोन्ही तिच्याखाली कोंडली जातात. जेली पेट घेऊ शकते, म्हणून आत मेणबत्तीऐवजी एलईडी दिवा लावावा. मेणबत्तीच्या आचेने गर शिजतो, तो तोटा वेगळाच. केसांचा स्प्रेही पेट घेतो, म्हणून तोही नको.

सुरकुतलेला भोपळा काही तास गार पाण्यात बुडवला की पुन्हा ताठ होतो. बुरशी लागलेल्यावर मात्र हा इलाज चालत नाही. दिवसा ऊन टाळावे. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा आत घ्यावा, कारण गोठलेल्या पेशी फुटतात आणि बर्फ वितळताच भिंतीचा लगदा होतो.

सण झाल्यावर, मेणबत्ती लावली असेल तर तिचे मेण काढून, भोपळा कंपोस्टमध्ये टाकावा. ब्लीच लावलेला जनावरांना घालू नये.