नाइट ड्युटीची ‘सवय’ होत नाही

‘सिस्टरना रात्रपाळीची सवयच होऊन जाते,’ असं आपल्या इंदूरच्या मराठी घरांत सर्रास म्हटलं जातं. हे चूक आहे. वर्षानुवर्षं नाइट करूनही बहुतेकांचं शरीर पूर्णपणे वळत नाही.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे २०,००० पेशींचा पुंजका असतो: सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस, शरीराचं मुख्य घड्याळ. त्याच्या पेशींतली काही जनुकं प्रथिनं बनवतात. ती साठली की त्याच जनुकांना गप्प करतात. मग प्रथिनं विरतात आणि जनुकं पुन्हा कामाला लागतात. फळमाशीत हे चक्र उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसात ही फेरी सरासरी २४ तासांहून किंचित लांब असते. तो फरक रोज उजेड भरून काढतो, कारण नेत्रपटलातल्या, मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन असलेल्या पेशी निळसर प्रकाशाची वर्दी थेट या पुंजक्याला देतात.

आता एमवाय या इंदूरच्या सरकारी रुग्णालयातून सकाळी नाइट संपवून निघालेली सिस्टर बघा. डोळ्यांवर लख्ख ऊन पडतं. वाटेत पोहे-जिलेबी खाल्ली की यकृतातलं घड्याळही दिवस सुरू झाला असं धरतं, ते खाण्याच्या वेळांवर लागतं. घरी पडदे ओढून ती आडवी होते, पण झोप तुटक लागते.

झोप अपुरी असली की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीती-राग जागवणारा भाग, जरा कशानेही भडकतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग ढिला पडतो. ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मानसशास्त्रज्ञ लाझरस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडल्या: अडचण सोडवणं आणि भावना सांभाळणं. दोन्हीला हाच प्रीफ्रंटल भाग लागतो. पहाटे चारला नातेवाइकांचा आरडाओरडा झेलणाऱ्या मुलीला ‘मन खंबीर ठेव’ म्हणून काय होणार?

‘कॉर्टिसॉल डिटॉक्स’च्या पुड्यांवर तर पैसे घालवूच नयेत. कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं संप्रेरक विष नाही, सकाळी उठायला तेच मदत करतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार गळून जाण्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. म्हणजे ड्युटी चार्ट बघायला हवा. घड्याळाची फेरी मुळातच २४ तासांहून लांब असल्याने उशिरा झोपणं त्याला सोपं, लवकर झोपणं अवघड. म्हणून मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट हा क्रम सोसतो, उलटा जड जातो. नाइटनंतर पुरती सुटी हवी, मध्यरात्री डुलकीपुरती जागा हवी. घरच्यांनी दुपारी दाराची बेल बंद ठेवावी. आणि मन फारच खचलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालू असतो.