एमआरची निष्ठा कोणाशी?

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना दाराशी टाय लावून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो एमआर, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. हातात जड बॅग. पेशंट आत जातात, बाहेर येतात, तो उभाच. कंपाउंडरने खूण केली की आत शिरतो, दोन मिनिटांत दोन-तीन औषधांची नावं सांगतो आणि पुढचा दवाखाना गाठतो. काही वर्षांनी त्याच्या कार्डावर दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसतं. मग लोक म्हणतात, ‘सेल्सवाल्यांना कसली आलीय निष्ठा?’ मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. कंपनी आपली वाटते म्हणून राहणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, आणि यांचं मीठ खाल्लंय म्हणून राहणं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. पण पुढच्या अभ्यासांत चांगल्या कामाशी सर्वांत जास्त संबंध पहिल्या प्रकाराचा आढळला. घराच्या हप्त्यापायी अडकून पडलेल्यांत तो दिसला नाही. म्हणजे कोण किती वर्षं टिकला, यावरून त्याची निष्ठा मोजता येत नाही.

हा आपलेपणा येतो कुठून? कंपनीला आपली किंमत आहे, काळजी आहे असं वाटण्यातून, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून दाखवलं. एमआरचं अवघड इथेच आहे. तो दिवसभर एकटा फिरतो, ऑफिस त्याला क्वचितच दिसतं. कंपनी म्हणजे त्याच्यासाठी एरिया मॅनेजरचा फोन. ‘आज किती कॉल झाले?’, म्हणजे किती डॉक्टरांना भेटलास, एवढंच रोज ऐकू आलं तर कंपनीही तेवढीच. मुलाला ताप असताना तोच मॅनेजर ‘तू घरी थांब, मी बघतो’ म्हणाला, की ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. या लोकांच्या हातात रीतसर नियुक्तिपत्र पडावं, हक्काची रजा मिळावी, यासाठी १९७६ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला होता.

महिनाअखेरीला एमआर स्टॉकिस्टसमोर, म्हणजे केमिस्टना माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यासमोर उभा असतो. ‘शेठ, एवढी खोकी घ्या, माझं टार्गेट होतंय.’ माल केमिस्टकडे खपलेला नसतो, आकडा मात्र भरतो. ही बेइमानी नाही. ज्या आकड्यावर इन्सेंटिव्ह, त्याच्याकडे माणूस ओढला जातो. संशोधक इयान लार्किन यांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली विक्री तपासली. तिमाहीत विक्री वाढेल तसा कमिशनचा दर चढायचा. म्हणून विक्रेते सौदे एकाच तिमाहीत गोळा करायचे आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला जादा सूट द्यायचे. त्यात कंपनीचं ६ ते ८ टक्के उत्पन्न बुडत होतं, असं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. स्टॉकिस्टकडची न खपलेली खोकी तारीख उलटली की परत येतात. तोवर एमआरच्या नावावर नवं टार्गेट लागलेलं असतं.