विमानतळ केंद्राचा, जमीन राज्याची

विमानतळांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला विमान कायद्याइतकाच सातबाराही वाचता यावा लागतो. याचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळ हे विषय केंद्र सूचीत २९ व्या क्रमांकावर आहेत, तर जमीन राज्य सूचीत १८ व्या. धावपट्टीची परवानगी दिल्लीहून येते, तिच्याखालची माती मात्र मंत्रालयाच्या अखत्यारीत.

इंग्रजांच्या काळातला १९३४ चा विमान कायदा मुख्यतः विमानांसाठी होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर १९३२ मध्ये, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान जुहूला आणले. तेव्हा आसपासची वस्ती विरळ होती. शहर धावपट्टीला येऊन भिडले आणि १९७२ च्या दुरुस्तीने कलम ९अ आले. त्यानुसार विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या परिघात इमारतींची, अगदी झाडांचीही उंची केंद्राला ठरवता येऊ लागली.

मुंबईकर ज्याला ‘फनेल झोन’ म्हणतात, ती उतरत्या विमानाच्या वाटेखालची पट्टी. सांताक्रूझ, विलेपार्ले, घाटकोपर भागात जुन्या, गळक्या इमारती या उंचीच्या अटीमुळे पुनर्विकासाविना अडकल्या. वरचे मजले विकूनच विकासकाचा खर्च निघतो. मजलेच चढवता येत नसतील तर कोण पुढे येणार? विमानाची सुरक्षितता हवीच, त्यात तडजोड नको. पण तिची किंमत त्या इमारतींतल्या भाडेकरूंनीच का मोजावी, या प्रश्नाला पुरेसे उत्तर अजून मिळालेले नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, तरी उंचीचा अधिकार केंद्राकडेच आहे.

१९७२ मध्ये चार आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी वेगळे प्राधिकरण झाले, १९८६ मध्ये देशांतर्गत विमानतळांसाठी दुसरे. १९९५ मध्ये दोन्ही एकत्र आली. २००३ च्या दुरुस्तीने विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली आणि २००६ मध्ये दिल्ली-मुंबईचे विमानतळ खासगी चालकांकडे गेले. मुंबईत उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायचे ठरले. विमानतळाच्या जमिनीवरच्या झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन करताना मात्र राज्याशिवाय पान हलेना.

नवी मुंबईत तर मंजुरी मिळाल्यावरही जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे चालला. त्याआधी नवी मुंबई शहरासाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेल्या १९८४ च्या उरण-जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले आणि त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे सूत्र पुढे आले. दि. बा. पाटील या लढ्याचे नेते; ते स्वतः वकील होते. विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली गावे उठवताना सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला, हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर न्यावे लागले. हवाई वाहतुकीच्या कोणत्याही कायद्यात हा आकडा सापडणार नाही. तो शेतकऱ्यांनी मिळवला.