खिडकीजवळचा दिवा भर दुपारी कशाला?

बाहेर लख्ख ऊन, खिडक्यांचे पडदे खाली आणि आत सगळे दिवे चालू. उजेड किंवा माणूस ओळखून दिवे आपोआप कमी-जास्त करणारे सेन्सर आम्ही बसवतो, त्या कामात हे दृश्य आम्हाला वरचेवर दिसतं. त्यात कुणाचा आळस नसतो. सकाळी स्क्रीनवर तिरीप आली म्हणून कुणीतरी पडदा ओढला, अंधारलं म्हणून दिवा लावला. तासाभरात ऊन सरकलं, पडदा मात्र संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

म्हणून सेन्सरची चौकशी करणाऱ्यांना आम्ही आधी पडद्यांबद्दल विचारतो. आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड असतील तर पट्ट्या किंचित वरच्या बाजूला वळवून बघा. ऊन डोळ्यांवर न येता छतावर पडतं आणि तिथून खोलीभर पसरतं. छत पांढरं असेल तर फारच छान. यात आमची काही विक्री होत नाही, पण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

उजेड किती लागतो, कुठवर पोचतो

लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर साधारण 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो, पॅसेजला 100 पुरतात. भर उन्हात बाहेर हाच आकडा 1,00,000 च्या घरात असतो. त्यातला अगदी थोडा आत आला तरी टेबलाचं काम भागतं. पण तो फार आत जात नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंतच त्याचा भरवसा. कड अडीच मीटरवर असेल तर चार-पाच मीटर. त्याच्या पलीकडे, खोलीच्या आतल्या भागात, दिवे हवेतच.

खरी मेख वायरिंगमध्ये

दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर हव्यात आणि प्रत्येक ओळीचं बटण वेगळं हवं. पुष्कळ ठिकाणी दारापासून खिडकीपर्यंतची अख्खी ओळ एकाच बटणावर घेतलेली असते. मग आतल्या टेबलासाठी दिवा लावला की खिडकीजवळचाही फुकट जळतो. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी बोलावलंत तर ही दुरुस्ती सोपी. नव्या कामात डाली (दिव्यांना तारेवरून डिजिटल आज्ञा देणारी) पद्धत घेतली तर दोन तारांच्या एका लाइनवर 64 पर्यंत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे डबे, बसतात, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. उद्या टेबलं फिरवलीत तर वायरला हात न लावता दिव्यांचे गट बदलता येतात.

हिशेब बघा. 40 वॉटचे 20 पॅनल दहा तास चालले की 8 युनिट. त्यांतले खिडकीजवळचे 8 पॅनल दिवसाचे सहा तास सरासरी 30 टक्क्यांवर राहिले, तर रोजचे सव्वा युनिटच्या वर वाचतात. ढगाळ दिवशी कमी. 'बिल अर्ध्यावर' असं आम्ही तुमची जागा बघितल्याशिवाय म्हणणार नाही.

उजेडाचा सेन्सर

हा छतावरून खाली बघतो आणि टेबलावरून परतलेला उजेड मोजतो. एका ग्राहकाचे दिवे मध्येच मंद व्हायचे. जाऊन पाहिलं तर सेन्सरखालच्या काळपट टेबलावर रोज मोठे पांढरे नकाशे पसरले जात होते. सेन्सरला वाटायचं, उजेड वाढला! म्हणून सेटिंग फर्निचर लागल्यावरच करायचं, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर नुसत्या दिव्यांवर. रात्रीच्या फेरीचा कंटाळा करणाऱ्याला काम देऊ नका, मग ते आम्ही का असेनात.

दिवा सावकाश मंद व्हायला हवा. ढग आला-गेला की लुकलुकणारा दिवा कुणालाच नको असतो.

माणसाचा सेन्सर

पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून आडवा जाणारा त्याला पटकन कळतो, सरळ अंगावर चालत येणारा उशिरा. काचेपलीकडचं, पार्टिशनमागचं त्याला दिसत नाही. टॉयलेटमध्ये अंधारात हात हलवत बसायची पाळी येते ती यामुळेच. तिथे रेडिओलहरी सोडून हालचाल ओळखणारा मायक्रोवेव्ह सेन्सर चालतो, पण तो पातळ भिंतीपलीकडच्या पॅसेजमधली वर्दळही मोजतो, तेव्हा त्याची पोच कमी करून ठेवावी लागते. एसीच्या झोतासमोर पीआयआर लावू नये.

दिवा विझण्याआधीचा वेळ 15-20 मिनिटं ठेवा. दोन मिनिटांवर ठेवलात तर एलईडीचं काही बिघडत नाही, माणसं वैतागतात आणि सेन्सरवर चिकटपट्टी लावून मोकळी होतात. अशा पट्ट्या आम्ही स्वतः काढल्या आहेत.

केबिनमध्ये आमची पसंती अशी: दिवा बटणानेच लागावा, विझावा मात्र आपोआप. उजेड पुरेसा असेल तर माणूस बटणाकडे जातच नाही. आणि दोनच दिव्यांची छोटी खोली असेल तर सेन्सरच्या भानगडीत पडू नका, दाराजवळचं बटण पुरे.

आम्ही पाहणीला येण्याआधी दोन गोष्टी तयार ठेवा: भर दुपारी, दिवे बंद आणि पडदे वर करून काढलेला खोलीचा फोटो, आणि कोणत्या बटणावर कोणते दिवे लागतात याची हाताने लिहिलेली चिठ्ठी.